जर्मन घराण्याचा माग कसा काढावा: पेटीतल्या वस्तू आणि जुन्या फोटोंवरून मूळ गावापर्यंत

अमेरिकेतल्या जर्मन वंशाच्या माणसाला मूळ गाव विचारलं तर बहुतेक वेळा ‘जर्मनी’ एवढंच उत्तर मिळतं. फार तर ‘बव्हेरिया’ किंवा ‘प्रशिया’. गप्पांना तेवढं पुरतं, शोधाला पुरत नाही. १८७१ पर्यंत जर्मनी हा एकसंध देशच नव्हता. प्रशिया, बव्हेरिया, वुर्टेंबर्ग, बाडेन, हेसे, मेक्लेनबुर्ग अशी वेगवेगळी राज्यं होती आणि जन्म, लग्न, मृत्यूच्या नोंदी त्या त्या गावच्या चर्चच्या वहीत होत. सगळ्या देशाचं मिळून एक दफ्तर तेव्हा नव्हतं, आजही नाही. त्यामुळे गावाचं नाव हाती लागल्याशिवाय समुद्रापलीकडचा शोध सुरूच होत नाही.

हे नाव सरकारी कागदांत धुंडाळण्यात लोक वर्षं घालवतात आणि ते घरातच कुठेतरी पडलेलं असतं: फोटोच्या मागे, प्रार्थनेच्या पुस्तकात, एखाद्या बिअरच्या मगावर. माझ्या सुनेचं माहेर विस्कॉन्सिनमधलं. तिच्या आजीच्या घरची पेटी आमच्याकडे आली आणि मी या नादाला लागले. मराठी घरांना असे व्याही मिळणं आता नवलाचं राहिलेलं नाही. नातवंडांची अर्धी वंशावळ आपल्याला कुलवृत्तांतात सापडते, उरलेली अर्धी अशी शोधावी लागते.

आधी हात आवरा

पेटी उघडली की पहिला मोह होतो तो सगळं बाहेर काढून फोटोंचे गठ्ठे लावण्याचा. तसं करू नका. कुठला फोटो कुठल्या फोटोशेजारी होता, कुठला कागद बायबलच्या कुठल्या पानात होता, हीसुद्धा माहितीच असते आणि एकदा मोडली की परत मिळत नाही. म्हणून अल्बमचं प्रत्येक पान, पेटीतला प्रत्येक थर आधी मोबाइलने टिपून घ्या. मग एकेक वस्तू बाहेर काढा, तिला क्रमांक द्या, तोच क्रमांक संगणकातल्या फाइलला द्या.

स्कॅन ६०० डीपीआयवर, टिफ स्वरूपात करा, आणि दोन्ही बाजूंचं करा. मागची बाजू कोरी दिसली तरीही. पेन्सिलीने लिहिलेलं पुसट नाव समोरून दिसत नाही, पण कागद तिरका धरून बाजूने विजेरीचा झोत टाकला तर अक्षरांचे दाब उमटतात. काचेवरचे किंवा धातूवरचे फोटो डबीत बसवलेले असतील तर डबी उघडू नका आणि आतला पत्रा कापडाने पुसायचा विचारही करू नका. एका पुसण्यात चेहरा जातो.

म्हाताऱ्यांना बोलतं करा, पण फोटो हातात देऊन

“तुमच्या पूर्वजांबद्दल सांगा” म्हटलं की समोरचं माणूस गप्प होतं. फोटो हातात दिला आणि “हा कुठल्या भिंतीवर होता?”, “याची दुसरी प्रत कुणाकडे असेल?” असं विचारलं की बोलणं आपोआप सुरू होतं. फोनवर ध्वनिमुद्रण चालू ठेवा. जे ऐकाल ते कुणी सांगितलं, त्यांनी ते कुणाकडून ऐकलं होतं, हेही लिहा.

ऐकलेलं सगळं खरं धरायचं नाही, पण फेकायचंही नाही. ‘आमचं आडनाव एलिस बेटावर बदललं’ ही कथा जवळजवळ प्रत्येक घरात सांगतात. एलिस बेट म्हणजे न्यूयॉर्कला उतरणाऱ्या स्थलांतरितांच्या तपासणीचं केंद्र. तिथले कारकून जहाजासोबत आलेल्या यादीवरून नावं तपासत. ती यादी निघतानाच्या बंदरात तयार झालेली असे आणि नवं नाव द्यायचं त्यांचं कामच नव्हतं. शिवाय एलिस बेटावरचं केंद्र उघडलं १ जानेवारी १८९२ रोजी. जर्मन लोकांचा सर्वांत मोठा लोंढा आला त्याच्या दहा वर्षं आधी: १८८२ या एकाच वर्षात सुमारे अडीच लाख. ते न्यूयॉर्कला उतरले असतील तर कॅसल गार्डनमध्ये (१८५५ ते १८९०), नाहीतर बाल्टिमोर, न्यू ऑर्लीन्स किंवा टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनला. श्मिटचा स्मिथ, म्युलरचा मिलर आणि झिमरमानचा कार्पेंटर पुढे घरच्यांनी, शाळेने आणि शेजाऱ्यांनी हळूहळू केला.

फोटो कशावर आहे ते आधी ओळखा

चेहऱ्यांकडे नंतर बघा. फोटो कुठल्या पदार्थावर आहे यावरून काळ बराच आवळता येतो.

आरशासारखा चमकणारा, हलवला की कधी उजळ कधी काळा दिसणारा फोटो डॅगेरोटाइप. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा थर असतो, काळ साधारण १८४० ते १८६०. काचेवरचा अँब्रोटाइप १८५४ नंतरचा. लोखंडी पत्र्यावरचा टिनटाइप १८५६ पासून पुढे कित्येक दशकं चालला. तो ओळखायला लहानसं लोहचुंबक मागच्या बाजूजवळ नुसतं धरा, घासू नका. १८६० च्या सुमारास अमेरिकेत छोट्या पुठ्ठ्यावरच्या कागदी फोटोंची लाट आली. अडीच इंच बाय चार इंच, आणि नाव ‘कार्ट द व्हिजिट’. १८६६ पासून त्याचा मोठा भाऊ ‘कॅबिनेट कार्ड’ आला, सव्वाचार बाय साडेसहा इंचांचा. पातळ पुठ्ठा आणि चौकोनी कोपरे असतील तर फोटो जुना, गोल कोपरे त्यानंतरचे. जाड गडद पुठ्ठा आणि सोनेरी कड बहुतेक १८८० नंतरची.

पुठ्ठ्याच्या मागे तिकीट चिकटवलेलं असेल तर नशीब काढलंत. यादवी युद्धाच्या खर्चासाठी अमेरिकेने १ सप्टेंबर १८६४ ते १ ऑगस्ट १८६६ एवढाच काळ फोटोंवर कर लावला होता. तिकिटाच्या किमतीवरून फोटोची किंमतही कळते: पंचवीस सेंटपर्यंतच्या फोटोला दोन सेंटचं तिकीट, त्यावर पन्नासपर्यंत तीन सेंटचं.

मग छायाचित्रकाराचा छाप वाचा. स्टुडिओचं नाव आणि रस्ता मिळाला की त्या शहराच्या जुन्या पत्ता-निर्देशिका काढायच्या. मिल्वॉकी, सिनसिनाटी, सेंट लुइस यांसारख्या शहरांच्या निर्देशिका बऱ्याचशा ऑनलाइन आहेत. तो स्टुडिओ त्या पत्त्यावर कोणत्या वर्षांत होता ते शोधलं की दहा वर्षांचा अंदाज दोन-तीन वर्षांवर येतो. नावानंतर ‘नाखफ.’ असं असेल तर धंदा वारसदाराने घेतलेला, ‘व्वे.’ असेल तर विधवेने चालवलेला. म्हणजे मूळ मालकाच्या मृत्यूची तारीखही उपयोगी पडते.

फोटो जर्मनीत काढलेला असेल तर छापात आणखी माल असतो. ‘होफ-फोटोग्राफ’ म्हणजे दरबारी छायाचित्रकार. कुठल्या ड्यूकचा किंवा राजाचा हे त्याच्या चिन्हावरून कळतं आणि राज्य नक्की होतं. खाली बारीक अक्षरांत ‘डी प्लाटे ब्लाइब्ट आउफबेवार्ट’ अशी ओळ असते. प्रतीची गरज लागेल म्हणून फोटोची मूळ काच (निगेटिव्ह) जपून ठेवली आहे, एवढंच ती सांगते. ती वाचून कुणाचं नाव सापडल्याचा आनंद करू नका! छायाचित्रकाराचं शहर हे कुटुंबाचं गाव असेलच असं नाही. पण खेड्यातली माणसं फोटोसाठी जवळच्याच बाजाराच्या गावी जात, त्यामुळे नकाशावर त्या शहराभोवती वीसेक मैलांचं वर्तुळ काढायला हरकत नाही.

आता माणसांकडे बघा

आमच्या पेटीतला एक फोटो उदाहरणादाखल घेते. कॅबिनेट कार्ड, जाड, लालसर काळा पुठ्ठा, सोनेरी कड. पुरुष खुर्चीत बसलेला, बाई शेजारी उभी, अंगात गळ्यापर्यंत बंद काळा झगा. घरात सगळे या फोटोला ‘अंत्यविधीचा फोटो’ म्हणत. भिंगाखाली धरला तर बाईच्या केसांत पांढुरक्या बारीक फुलांची कडी दिसली, मागे तलम जाळीची किनार, आणि पुरुषाच्या कोटावर तसलाच छोटा तुरा. हे लग्न होतं. एकोणिसाव्या शतकात जर्मनीच्या ग्रामीण भागात नवऱ्या मुली काळ्या झग्यात लग्न करत. पुढे चर्चला तोच झगा वापरता येई. लग्नाची खूण म्हणजे डोक्यावरचं मर्टलच्या पानाफुलांचं कडं. अमेरिकेत आल्यावरही पहिल्या पिढीत ही चाल टिकली.

झग्याच्या बाह्या खांद्याशी फुग्यासारख्या फुगलेल्या होत्या. ही फॅशन १८९३ ते १८९७ च्या आसपासची. स्टुडिओचा पत्ता विस्कॉन्सिनमधल्या मिल्वॉकीचा, आणि अंगठी उजव्या हातात. जर्मनीत लग्नाची अंगठी बहुतेक ठिकाणी उजव्या हातात घालतात, अमेरिकेत डाव्या. म्हणजे जोडपं अजून पुरतं अमेरिकन झालेलं नव्हतं. एवढ्यावरून मिल्वॉकीतल्या जर्मन लुथरन (म्हणजे प्रोटेस्टंट) चर्चच्या पाच वर्षांच्या लग्ननोंदी चाळायच्या एवढंच काम उरलं, आणि पाद्रीबुवांनी नवरा-नवरीच्या नावापुढे दोघांचं पोमेरेनिया या प्रशियाच्या प्रांतातलं जन्मगाव लिहून ठेवलं होतं.

अंगठीच्या बाबतीत एक खबरदारी घ्या. डॅगेरोटाइप आणि टिनटाइपमध्ये प्रतिमा आरशातल्यासारखी उलटी पडते. तिथे उजव्या हातात दिसणारी अंगठी खरी डाव्या हातातली असते. खात्री करायची तर पुरुषाच्या कोटाची बटणपट्टी पाहा: डावी बाजू वर असायला हवी, उजवी वर दिसत असेल तर फोटो उलटा आहे. कागदी कार्डाला ही भानगड नाही.

चौदा वर्षांच्या आसपासचं मूल, गडद कपडे, हातात छोटं जाड पुस्तक, छातीवर फुलांचा तुरा असेल तर लुथरन चर्चमधल्या ‘कन्फर्मेशन’चा, म्हणजे मुलाने आपली श्रद्धा स्वतः जाहीर करण्याच्या विधीचा फोटो समजा. त्यात चौदा वजा करा, जन्मवर्ष जवळपास मिळतं. पांढरे कपडे, लहान वय आणि हातात उंच मेणबत्ती असेल तर कॅथलिक घरातलं पहिलं कम्युनियन, म्हणजे चर्चमध्ये पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याचा विधी. कुटुंब कुठल्या पंथाचं हे कळणं फार महत्त्वाचं, कारण पुढे कुठल्या चर्चच्या वह्या उघडायच्या हे त्यावर ठरतं.

वस्तू उलटून पाहा

इथे खरी मजा आहे, म्हणून जरा रेंगाळते.

घरात चांदीचा चमचा आहे, सगळे म्हणतात पणजीने जहाजातून आणला. चमचा उलटा करा. ८०० हा आकडा, शेजारी चंद्रकोर आणि मुकुट दिसला तर तो जर्मन चांदीचा ठसा, १८८८ पासून लागू झालेला. पणजी १८६७ ला आली असेल तर हा चमचा तिने जहाजातून आणलेला नाही. त्याऐवजी १२ किंवा १३ असा आकडा असेल तर तो जुन्या ‘लोट’ पद्धतीतला. त्यात १६ म्हणजे शुद्ध चांदी. तो चमचा खरोखर जुना असण्याची शक्यता बरीच.

चिनी मातीची बशी उलटा. खाली इंग्रजीत ‘मेड इन जर्मनी’ किंवा नुसतं ‘जर्मनी’ छापलेलं असेल तर ती बशी निर्यातीसाठी केलेली. परदेशी मालावर देशाचं नाव हवं हा नियम अमेरिकेत १८९१ पासून लागू झाला. म्हणजे ती बहुधा मिल्वॉकीच्या दुकानात घेतलेली. घरच्यांना हे सांगताना जपून. अशा बशीवरून मी एका सुखी जेवणाचा विचका होताना पाहिला आहे.

बिअरचे मग दोन प्रकारचे. एक शोभेचे, त्यांना फारसं काही सांगायचं नसतं. दुसरे, सैन्यातली सक्तीची नोकरी संपवून घरी परतणाऱ्या शिपायाने मुद्दाम करवून घेतलेले. त्यावर त्याचं नाव, पलटण, कंपनी, छावणीचं शहर आणि नोकरीची वर्षं रंगवलेली असतात. बहुतेक १८९० ते १९१४ या काळातले. पलटणीत भरती साधारणपणे आसपासच्या जिल्ह्यांतून होई (शाही गार्ड पलटणी अपवाद), म्हणून छावणीवरून मुलूख कळतो. या मगांच्या नकला मात्र पुष्कळ झाल्या आहेत. शिपाई प्रशियन असेल तर सैन्याच्या दफ्तराची आशा फार धरू नका, पॉट्सडॅममधलं सैनिकी दफ्तर एप्रिल १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळालं. बव्हेरियन असेल तर म्युनिकमधल्या युद्ध-अभिलेखागारात कागद मिळतात.

माझ्या मते सगळ्यांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे प्रार्थनागीतांचं पुस्तक. बायबल सगळीकडे सारखंच, पण गीतांचं पुस्तक प्रत्येक राज्याच्या चर्चचं वेगळं असे. मुखपृष्ठावर गॉथिक अक्षरांत वुर्टेंबर्ग, हॅनोव्हर किंवा एखाद्या छोट्या संस्थानाचं नाव असतं आणि खाली छापल्याचं शहर नि वर्ष. कुटुंबाने आपल्या गावच्या चर्चमध्ये जे गायलं तेच सोबत आणलं, त्यामुळे ही खूण पक्की. बायबल असेल तर छपाईचं वर्ष आणि आतल्या नोंदी ताडून पाहा. बायबल १८७५ चं आणि पहिला जन्म १८३२ चा असेल, सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच हातात असतील, तर त्या कुणीतरी नंतर आठवून एका बैठकीत लिहिल्या आहेत. तशा नोंदींवर विसंबायचं, पण जरा कमी.

पुस्तकांची पानं सावकाश उलटा. कॅथलिक घरांत, विशेषतः बव्हेरियातल्या, मृताच्या स्मरणार्थ वाटलेली छोटी छापील चिठ्ठी प्रार्थनापुस्तकात ठेवत. तिच्यावर फोटो, जन्म-मृत्यूच्या तारखा आणि कित्येकदा गावाचं नावही असतं. लुथरन घरांत कन्फर्मेशनचं प्रमाणपत्र मिळेल. पेनसिल्व्हेनियात अठराव्या शतकातच आलेल्या जर्मनांकडे पक्षी-फुलं रंगवलेलं बाप्तिस्म्याचं पत्रक असतं. त्यात आईचं माहेरचं आडनावही लिहिलेलं असतं, हे विसरू नका. अशा पत्रकांचा मोठा संग्रह फिलाडेल्फियाच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे.

माहेरच्या आडनावासाठी आणखी एक जागा म्हणजे कपड्यांचं कपाट. रुखवताच्या चादरी, नॅपकिन, टॉवेल यांच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने दोन अक्षरं आणि एक आकडा भरलेला असतो. अक्षरं मुलीच्या माहेरच्या नावाची, आकडा डझनातला किंवा संचातला क्रमांक. रंगवलेल्या लाकडी पेटीवर नाव आणि वर्ष असेल तर तेही बहुतेक नवरीचं आणि लग्नाचं. काचेच्या चौकटीत चांदीच्या पानांचं कडं ठेवलेलं आढळलं तर ते लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचं, सोनेरी असेल तर पन्नासाव्या. मधोमध आकडा असतो. त्यावरून वजाबाकी करा.

सुतार, चांभार, लोहार पूर्वज असेल तर छोटं शिक्कामोर्तब केलेलं पुस्तक शोधा. उमेदवारी संपवून कारागीर गावोगाव काम करत फिरत, तेव्हा त्यांना हे फिरतीचं पुस्तक बाळगावं लागे. पहिल्या पानावर जन्मगाव, उंची, केसांचा रंग. पुढे शहराशहराचे शिक्के. असं पुस्तक सापडलेल्या माणसाचा मला हेवा वाटतो.

अक्षर लावायला शिका

पत्रं आणि नोंदी ‘कुरेंट’ या जुन्या वळणात असतात. मोडीची कागदपत्रं ज्यांनी चाळली आहेत त्यांना हा अनुभव ओळखीचा वाटेल: भाषा येते, पण ओळ वाचता येत नाही. यातला ‘ई’ आपल्याला ‘एन’ वाटतो, ‘एच’ला वर आणि खाली दोन्हीकडे फास असतो, ‘यू’ आणि ‘एन’ सारखेच दिसतात म्हणून ‘यू’च्या डोक्यावर छोटी कमान काढलेली असते. विसाव्या शतकातलं अक्षर जरा गोल आणि शाळकरी दिसलं तर ते ‘झ्युटरलिन’. हे वळण १९११ मध्ये तयार झालं, पुढे शाळांत शिकवलं गेलं आणि १९४१ मध्ये बंद झालं. त्यामुळे आजचे बहुतेक जर्मन स्वतःच्या आजोबांची पत्रं वाचू शकत नाहीत. जर्मनीतला ओळखीचा माणूस हात वर करेल, रागवू नका.

रोज अर्धा तास त्या वळणात स्वतःचं नाव आणि कुटुंबाचं आडनाव लिहून पाहा. वाचण्यापेक्षा लिहिण्याने हे लवकर बसतं. ‘ट्रान्सक्रिबस’ नावाची संगणक-प्रणाली अशी अक्षरं बऱ्यापैकी लावते, पण नावांत आणि गावांत हमखास घोळ घालते, म्हणजे नेमकं आपल्याला हवं तिथेच. तारखेसाठी दोन गोष्टी लक्षात ठेवा: आधी दिवस, मग महिना, हे आपल्यासारखंच. आणि ‘८बर’ म्हणजे ऑगस्ट नव्हे, ऑक्टोबर. ‘७बर’ सप्टेंबर, ‘९बर’ नोव्हेंबर. जन्मासाठी चांदणी आणि मृत्यूसाठी क्रूस ही चिन्हं थडग्यांवरही दिसतील.

नावांतही एक खाच आहे. एका घरात योहान हाइनरिश, योहान फ्रिडरिश आणि योहान पेटर असे तीन भाऊ असतात. हाक मारायचं नाव बहुधा दुसरं. अमेरिकेच्या जनगणनेत नुसता ‘हेन्री’ सापडला तर चर्चच्या वहीत तो योहान हाइनरिश म्हणून शोधायचा.

पाकीट टाकू नका. तिकिटावरून राज्य कळतं, कारण बव्हेरियाने स्वतःची तिकिटं १९२० पर्यंत चालवली. टपालाच्या शिक्क्यावरून जवळचं टपाल कार्यालय कळतं. एखाद्या जर्मन घरात अहमदनगरचा शिक्का असलेलं पत्र निघालं तर चकित होऊ नका; पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी हिंदुस्थानातल्या जर्मन मिशनरी, व्यापारी आणि खलाशांना तिथल्या छावणीत डांबलं होतं. त्या युद्धातल्या कैद्यांच्या नोंदी रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने ऑनलाइन ठेवल्या आहेत.

अमेरिकेतल्या कागदांशी जुळवा

यावर पुष्कळ लिहिलेलं मिळतं, म्हणून थोडक्यात. १९०० च्या जनगणनेत जन्माचा महिना आणि देशात आल्याचं वर्ष आहे. १८९० ची जनगणना १९२१ च्या आगीनंतर जवळजवळ संपूर्ण गेली. नागरिकत्वाचे अर्ज २७ सप्टेंबर १९०६ नंतरचे असतील तर जन्मगाव मिळतं, आधीच्या अर्जांत बहुधा नुसतं ‘प्रशियाच्या राजाची निष्ठा सोडतो’ एवढंच. हॅम्बुर्ग बंदराच्या १८५० ते १९३४ च्या प्रवासी याद्या टिकल्या आहेत आणि त्यांत राहतं गाव असतं. ब्रेमेनच्या याद्या बहुतांश नष्ट झाल्या, १९२० ते १९३९ मधल्या उरल्या. जर्मन भाषेतल्या चर्चच्या वह्या आणि जर्मन वृत्तपत्रांतल्या मृत्युवार्ता हे या सगळ्यांपेक्षा चांगले साक्षीदार. शेजाऱ्यांची, साक्षीदारांची, बाप्तिस्म्याच्या वेळच्या धर्ममातापित्यांची आडनावंही टिपून ठेवा, कारण एकाच गावचे लोक एकमेकांच्या मागोमाग येऊन एकाच वस्तीत राहत.

कागदांत कुटुंब अचानक ‘स्विस’ किंवा ‘डच’ झालेलं दिसलं तर वर्ष पाहा. १९१७ मध्ये अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली. एप्रिल १९१८ मध्ये इलिनॉयमधल्या कॉलिन्सव्हिलला रॉबर्ट प्रेगर या जर्मन खाणकामगाराला जमावाने फाशी दिलं. मे महिन्यात आयोवाच्या गव्हर्नरने सार्वजनिक जागी, अगदी फोनवरसुद्धा, इंग्रजीशिवाय दुसरी भाषा बोलायला बंदी केली. त्या दोन वर्षांत अनेक घरांनी पत्रं जाळली, आडनावं बदलली, गणवेशातले फोटो फाडले. अल्बममधल्या रिकाम्या चौकटी आणि कातरीने कापलेले कोपरे याच काळाचे असू शकतात. म्हाताऱ्यांना याबद्दल विचारताना घाई करू नका.

गाव मिळाल्यावर

एकाच नावाची गावं जर्मनीत डझनांनी आहेत. नॉइश्टाट किंवा नॉइकिर्शेन म्हणजे आपल्याकडचं पिंपळगाव! म्हणून नाव मिळताच १९१२ च्या सुमाराचा मायर्सचा स्थळकोश उघडा. तो ऑनलाइन आहे, नकाशासकट. गाव कुठल्या जिल्ह्यात, चर्च कुठल्या पंथाचं, नोंदणी कचेरी कुठे, हे सगळं त्यात आहे. फोटोवरून मिळालेलं शहर, पुस्तकावरून मिळालेलं राज्य आणि हे गाव एकमेकांजवळ बसतात का ते पाहा. तीनपैकी दोन जुळले तर पुढे चला.

सरकारी नोंदणी प्रशियात १ ऑक्टोबर १८७४ पासून आणि साऱ्या साम्राज्यात १ जानेवारी १८७६ पासून आहे. त्याआधीचं सगळं चर्चच्या वह्यांत. प्रोटेस्टंट वह्या ‘आर्खिओन’ या संकेतस्थळावर पैसे भरून पाहता येतात, कॅथलिक वह्या बऱ्याचशा ‘मात्रिकुला’वर फुकट, आणि ‘फॅमिलीसर्च’वर दोन्ही प्रकारच्या काही. गाव पोमेरेनिया, सायलेशिया किंवा पूर्व प्रशियातलं असेल तर ते आज बहुधा पोलंडमध्ये आहे आणि नाव बदललेलं आहे. श्टेटिनचं श्चेचिन झालं, ब्रेस्लाऊचं व्रोत्स्वाफ. तिथल्या नोंदी पोलंडच्या सरकारी अभिलेखागारांच्या संकेतस्थळावर शोधायच्या. कॅन्सस किंवा नेब्रास्कातलं घर असेल आणि फोटोच्या मागे रशियन अक्षरं दिसली, तर ते बहुधा रशियातल्या व्होल्गा नदीकाठचे जर्मन. कॅथरिन राणीच्या १७६३ च्या जाहीरनाम्यावरून त्यांचे पूर्वज रशियात गेले आणि १८७० च्या दशकापासून नातवंडं-पतवंडं अमेरिकेत आली. त्यांचं ‘गाव’ सारातोव्हजवळ शोधायचं.

नोंदणी कचेरीला लिहायचं तर पत्र जर्मनमध्ये, एका पानाचं, एकाच माणसाबद्दल असावं. जन्माची नोंद ११० वर्षांनी, लग्नाची ८० आणि मृत्यूची ३० वर्षांनी कचेरीतून अभिलेखागारात जाते, त्यामुळे जुनं हवं असेल तर थेट गावच्या किंवा जिल्ह्याच्या अभिलेखागाराला लिहा. सोबत फोटोची प्रत जोडा. कचेरीतल्या माणसाला तो फोटो उपयोगाचा नसतो, पण गावच्या इतिहास मंडळाकडे तो फिरत जातो आणि कित्येकदा तिथल्या एखाद्या घरात त्याच फोटोची दुसरी प्रत निघते.

शेवटी राहिलं जपणं. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, शाई पुढे फुटते; मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहा. नाव खात्रीचं नसेल तर पुढे प्रश्नचिन्ह घाला आणि कुणी सांगितलं तेही लिहा. चिकट पानांचे अल्बम आणि लॅमिनेशन दोन्ही टाळा, आम्लरहित कागदाचे लिफाफे वापरा. पेटी माळ्यावर किंवा तळघरात नको, राहत्या खोलीतल्या कपाटात ठेवा. पत्रं बरीच असतील तर त्यांच्या प्रती जर्मनीतल्या गोथा इथल्या संशोधन ग्रंथालयाला देऊ करा. अमेरिकेत गेलेल्या जर्मनांच्या पत्रांचा मोठा संग्रह तिथे आहे आणि घरातल्या मूळ प्रती घरातच राहतात.